मार्सेलचे दार

घोडबंदरच्या वाटेवर डोंगर खाडीच्या अगदी जवळ येतो, तिथे भातखाचरांच्या मधोमध काळ्या दगडाचे एक घर होते. त्या घरावरून आसपासच्या गावांत एक थट्टा चालायची. तिकडून कोणी आला की त्याला विचारायचे, "यंदा दार कुठल्या बाजूला हाय रे?"

थट्टा खरी, पण उगीच नव्हती. लोकांच्या घरांच्या भिंती पडतात, कौले बदलतात, पण दार आजोबाचे ते नातवाचे. या घराचे उलटे होते. भिंती जिथल्या तिथे राहिल्या आणि दार घराभोवती फिरत आले.

एमिलिया वसईकडून लग्न होऊन या घरात आली, तेव्हा सासूने तिला आधी चूल दाखवली नाही की भाताची कणगी दाखवली नाही. सासूचे नाव जोसेफिन. अंगाने काटक, बोलायला कमी, आणि जे बोलेल त्याला पुन्हा विचारायची सोय नाही. तिने नव्या सुनेचा हात धरला आणि तिला भिंतींपाशी नेले.

सगळ्यांत जुनी खोली पोर्तुगिजांच्या काळातली. तेव्हा ती नुसती भाताची कोठी होती. दगड मागच्या डोंगरातला, चुना खाडीतल्या शिंपल्यांचा, आणि भिंत एवढी जाड की खिडकीच्या खाचेत पोर उताणे निजावे. भात मचव्यातून जायचे म्हणून दार उत्तरेला, खाडीच्या तोंडावर. पुढे त्या कोठीत माणसे राहू लागली. पहिली जी बाई राहिली ती बाळंतपणात गेली. तिला त्या दारातून बाहेर काढले आणि मागोमाग तिच्या नवऱ्याने दार दगडांनी चिणून टाकले. का, तर अवेळी गेलेल्या माणसाचे काही ना काही राहिलेले असते, ते परत येते. आणि ज्या दारातून त्याला नेले तेवढे एकच दार त्याला ठाऊक असते. म्हणून ते दार बुजवायचे आणि जित्यांनी दुसरे काढायचे.

पाद्रीबाबांना हे कधी पसंत नव्हते. गावात दुसऱ्या कोणाच्या घरी असे करतही नसत. ही त्या एका घराचीच रीत. म्हातारपणाने शांतपणे गेला त्याच्यासाठी दाराला हात लावत नसत. अवेळी गेला तरच.

मग घर वाढत गेले. पूर्वेला दार आले, त्याच्यापुढे सागाच्या खांबांची पडवी आली, मराठ्यांचे राज्य आले तेव्हा चौकटीच्या दगडावर कोरलेल्या क्रुसावर कोणी तरी भीतीने चुन्याचा हात फिरवला आणि तो पुन्हा खरवडायचे राहून गेले. जोसेफिनचा आजेसासरा नागाने डसून गेला तेव्हा ते दार बंद झाले. पश्चिमेला नवे निघाले, त्याला लागून गोठा आणि वर माळा. त्या दारातून जोसेफिनच्या नवऱ्याला नेले. बैलाने उचलून फेकले होते त्याला. पोरगा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. त्या पोराने, मार्सेलने, राघो पाथरवटाच्या हाताखाली स्वतः घाम गाळून दक्षिणेचे दार फोडले. डोंगराकडचे, गाडीवाटेकडचे. त्याच्या माथ्यावर एकसंध शिळा चढवली ती आठ बैलांनी ओढून आणली होती, असे राघो सांगायचा. राघोला जरा वाढवून सांगायची सवय होती.

बंद दारे आतून ओळखू यायची. भिंतीत बसका कोनाडा, आणि खालची फरशी पायांनी झिजून मधोमध खोलगट झालेली. माणसे जायची थांबली तरी फरशी सपाट होत नाही. उत्तरेच्या कोनाड्यात सायबाचा, येशूचा, अल्तार मांडला होता. पूर्वेच्यात पाण्याचे हंडे. पश्चिमेच्या कोनाड्याला लागून जोसेफिनचा बिछाना.

"येवढंच ध्यानात ठेव," जोसेफिन म्हणाली, "भिंतीवर थाप पडली तर ओ द्यायची नाय. कोण म्हणून विचारायचं नाय. नाव तर घ्यायचंच नाय."

एमिलियाने मान डोलावली. तिला वाटले, जुन्या माणसांच्या गोष्टी.

पण लग्नाला वर्षही झाले नसेल. माध्यान्हीची घंटा होऊन गेली होती, मार्सेल शेतावर होता, दोघी तांदूळ निवडत बसल्या होत्या. पश्चिमेच्या भिंतीतून आवाज आला. पसरलेल्या तळव्याचा, सावकाश, दमल्या माणसाने दार लोटून पाहावे तसा. एमिलिया उठायला गेली तर सासूचा हात तिच्या खांद्यावर पडला.

"वारा नाय आणि उंदीर नाय," जोसेफिन म्हणाली. "तुझा सासरा हाय. बस खाली."

आणि ती तांदूळ निवडत राहिली. तिच्या हातातले सूप जरासुद्धा हलले नाही. एमिलियाच्या मात्र अंगाला काटा आला तो रात्रीपर्यंत गेला नाही. पुढे तो आवाज तिने आणखी काही वेळा ऐकला. मग क्लारा झाली, पोरीच्या रडण्याहसण्यात कान गुंतले, आणि आपल्याला त्याची सवय झाली असे एमिलियाला वाटले.

मार्सेलची थाप घरात सगळ्यांना माहीत होती. त्याला ती हाताने मारायची माहीतच नव्हती. येताना दोन्ही हातांत नेहमी काही तरी असायचे, गवताचा भारा, करवंदांची पाटी, नाही तर खांद्यावर कोणाचे तरी पोर. म्हणून तो पाठ फिरवून टाचेने दार ठोकायचा. दोनदा लागोपाठ, आणि जरा थांबून तिसऱ्यांदा, जणू दोन वेळा ठोकून त्याला आठवायचे की अजून कोणी उघडले नाही. जोसेफिन चिडायची. दाराला लाथ मारणारा घराला लाथ मारतो, म्हणायची. तो म्हणायचा, "दार माझं हाय माय, मी फोडलंय. रागावलं तर माझ्यावर रागावेल."

त्या वर्षांत कसाऱ्याच्या घाटात आगगाडीची वाट फोडायचे काम चालू होते. दगड वाहायला गाड्या हव्या होत्या. भात झोडपून झाले की बैल रिकामेच, म्हणून ठाण्याकडचे पुष्कळजण गाड्या घेऊन गेले. शेजारच्या पाड्यावरचा गुणाजी निघाला, तेव्हा मार्सेलनेही गाडी जुंपली. कशेळीच्या तरीवर गाडी उतरवायची आणि भिवंडीवरून पुढे. आगोटीच्या, पहिल्या पावसाच्या, आधी येतो म्हणाला. क्लाराला त्याने दोनदा वर उडवून झेलले, दक्षिणेच्या दारातून बाहेर पडला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत बैलांच्या घुंगरांचा आवाज येत राहिला.

वैशाखात त्याच वाटेने घुंगरे वाजली. एमिलिया धावत दारात आली. बैल मार्सेलचेच होते. कासरा गुणाजीच्या हातात होता.

गुणाजी अर्धा झाला होता. ओट्यावर टेकला, पाणी प्याला, आणि बराच वेळ बैलांकडे बघत राहिला. घाटात पटकी आली होती. झोपड्याच्या झोपड्या ओस पडल्या. तो स्वतः आडवा होता. शुद्धीवर आला तेव्हा त्याला सांगितले की मार्सेलच्या झोपडीतली सगळी माणसे चुना टाकून एका खड्ड्यात घातली.

"तू पाहिलंस?" एमिलियाने विचारले.

"मी नाय पाहिलं वैनी. त्यांनी सांगितलं."

"त्यांनी तरी पाहिलं का?"

गुणाजीने कासरा ओट्यावर ठेवला. जोसेफिन रडली नाही. ती दाराच्या चौकटीकडे पाहत होती, वरपासून खालपर्यंत, जसे एखादे कापड शिवायला घ्यायच्या आधी पाहतात. एमिलियाला ती नजर कळली आणि ती आडवे हात पसरून चौकटीत उभी राहिली.

"कोणी पाहिलेलं नाय माय. त्याला या दारातून कोणी उचलून नेलेला नाय. तो चालत गेलाय."

"चालत गेला," जोसेफिन म्हणाली, "म्हणजे येईल तर हिथंच येईल."

दोघींचे बोलणे एवढेच, पण भांडण तिथून सुरू झाले. त्या घरात आता एकच प्रश्न उरला होता, मार्सेल मेला म्हणायचा की नाही. गावाने विधवेचे काळे लुगडे आणून दिले, एमिलियाने ते घडी न मोडता पेटीत टाकले. पाद्रीबाबांनी मार्सेलच्या आत्म्यासाठी मिस्सा म्हणायची का विचारले, ती म्हणाली थांबा. दार चिणले म्हणजे मार्सेल मेला. दार उघडे म्हणजे तो वाटेवर आहे. तिने पेरणी केली, लावणी केली, आणि संध्याकाळी दाराला कडी म्हणून लावली नाही.

शेवटी जोसेफिनने मुदत घातली. आगेऱ्याला, कापणीच्या सणाला, नव्या भाताची पहिली पेंढी देवळात नेऊन पाद्रीबाबांकडून मंतरून आणायची आणि घरात घ्यायची असते. मेलेल्याच्या दारातून नवे धान्य आत घेतले तर वर्षभर घरात जो खाईल तो त्याचे उष्टे खाईल, असे तिचे म्हणणे. क्लारा खाणार होती ते. तेव्हा आगेऱ्यापर्यंत मार्सेलची खबर आली तर ठीक, नाही तर राघोला बोलवायचा.

एमिलियाने भात पोटरीला आल्यावर पोरीला सासूपाशी ठेवले आणि गुणाजीबरोबर भरतीच्या मचव्याने कल्याण गाठले. घाटातली माणसे उतरून कल्याणलाच यायची. बंदरावर, सराईत, स्टेशनाबाहेरच्या झाडांखाली ती दिसेल त्याला विचारत हिंडली. उंच, सावळा, गळ्यात क्रुसाचा दोरा, हसताना एक डोळा बारीक होतो. कोणी तिची कीव केली, कोणी चेष्टा केली. एक वडारीण तेवढी थांबली. तिने पोर काखेतून दुसऱ्या काखेत घेतले आणि म्हणाली, पटकीच्या आधी एक टोळी वर नाशिककडच्या अंगाला नेली होती, तीत एक गळ्यात दोरा असलेला होता. उंच होता का? असेल. हसायचा का? तिकडे कोण हसतो, बाई?

एवढ्याशा धाग्यावर एमिलिया उड्या मारत घरी आली. जोसेफिनने सगळे ऐकून घेतले. "गळ्यात दोरा घालणारे पुष्कळ असतात," म्हणाली, आणि गाईला पाणी दाखवायला गेली.

आगेरा तोंडावर आला. नाशिककडून कोणी आले नाही. राघो आला.

राघोच्या बापाने पूर्वेचे दार बुजवले होते, राघोने पश्चिमेचे. आला तो थट्टा करतच आला. "मावशी, तुमच्या दारांवर आमच्या तीन पिढ्या जेवल्या. पण आता काढायचं कुठं? डोंगराकडं होतं ते हे. घराला पाचवी बाजू कुठून आणू?"

ही गोष्ट तोपर्यंत कोणी बोलून दाखवली नव्हती. दार घराभोवती पुरते फिरून आले होते. नवी भिंत उरली नव्हती. आता मार्सेलचे दार बंद करायचे तर एखादे जुने उघडणे भाग होते. आणि जुन्या प्रत्येक दाराबाहेर कोणी तरी उभे होते.

जोसेफिन म्हणाली, "खाडीकडचं."

राघोची थट्टा थांबली. खाडीकडचे म्हणजे पहिले. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या बाळंतिणीचे. तिचे नावही कोणाला ठाऊक नव्हते, नुसते थोरली म्हणायचे. त्या भिंतीतून मात्र कधी आवाज ऐकल्याचे कोणी सांगत नव्हते.

अल्तार हलवला, सायबाची तसबीर फडक्यात गुंडाळून एमिलियाने छातीशी धरली, आणि राघोने पहार लावली. चुना असा घट्ट की ठिणग्या उडत होत्या. जोसेफिन हातात पेटती मेणबत्ती घेऊन थेट समोर उभी राहिली. भर उजेडात मेणबत्ती. पहिला दगड बाहेरच्या अंगाला पडला आणि खाडीचा खारट वारा आत आला. मग दुसरा, मग एकदम पाचसहा. त्या खोलीत उत्तरेचा उजेड कोणी कधी पाहिला नव्हता. तो आत शिरला तशी छपरावरची काजळी, कोळिष्टके, भिंतीचे पोपडे सगळे उघडे पडले, आणि घर एकदम परक्याचे वाटायला लागले. दगडांच्या आड जुना उंबरा होता, मधोमध झिजून नावेसारखा झालेला.

क्लारा आजीच्या लुगड्यामागून डोकावून म्हणाली, "कोण आलं?"

राघोने बाहेर डोके घालून डावीउजवीकडे पाहिले. गवत, बांध, पलीकडे ओहोटीचा चिखल. "कोणी नाय मावशी," तो म्हणाला. "हिथं कोणी नाय."

मेणबत्तीची ज्योत वाऱ्याने विझली. जोसेफिन होती तिथेच खाली बसली. तिच्या तोंडाला रंग राहिला नव्हता. सुटकेने बसली असेल, असे एमिलियाला वाटले. तिला सासूचे तोंड नीट बघायला वेळ नव्हता, कारण राघो आता दक्षिणेकडे वळला होता.

रीतीप्रमाणे पहिला दगड बायकोने ठेवायचा. एमिलियाने ठेवला नाही. ती बाहेर जाऊन वाटेवर उभी राहिली, मार्सेलच्या बाजूला. पहिला दगड आईने ठेवला. थरावर थर चढला, आतला अंधार खालून वर भरत गेला, शेवटी शिळेखाली हातभर फट राहिली, तीही गेली. ओला चुना पांढराशुभ्र दिसत होता. एमिलिया तिथून घराला वळसा घालून खाडीच्या दाराने आत आली. मंतरलेली पेंढीही त्याच दाराने आली.

पण तिने मनातून हार मानली नव्हती. तिने मनाशी हिशोब मांडला तो साधा होता. जिता माणूस येईल, दार चिणलेले पाहील, कपाळावर हात मारील आणि दोन शिव्या घालून वळसा घेईल. वळसा किती, तर चिलीम पेटवायला लागतो तेवढा वेळ. त्याला शोधावे लागू नये म्हणून तिने गाडीवाटेपासून घराच्या कडेने खाडीच्या दारापर्यंत गवत काढून वाट केली. खाडीवरून पाटी पाटी शिंपले आणले आणि वाटेच्या दोन्ही कडांना लावले. क्लारा त्यात एक आड एक लंगडी घालायची. गुणाजी बघून म्हणाला, वैनी, आंधळा पण येईल आता. एमिलिया म्हणाली, आंधळा नको, तो आला म्हणजे झालं.

नाताळ गेला. काळे लुगडे पेटीतच होते. वाल उपटून झाले, खाचरांत धुरळा उडायला लागला.

एक दिवस माध्यान्हीची घंटा झाली. क्लारा जेवून पेंगत होती. एमिलिया वाल फोडत होती, जोसेफिन तिच्या बिछान्यावर भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. बाहेर एक पान हलत नव्हते.

दक्षिणेच्या भिंतीवर दोन ठोके पडले, लागोपाठ.

एमिलियाच्या हातातली शेंग तशीच राहिली. आणि जरा थांबून, तिसरा.

ती अशी धावली की वालाचे सूप उलटे झाले. खाडीच्या दारातून बाहेर, शिंपल्यांच्या वाटेने, पदर डोक्यावरून ओघळला त्याचे भान नाही, तोंडात त्याचे नाव. कोपरा वळून ती दक्षिणेला आली. ऊन लखलखत होते. चिणलेल्या दारापुढे कोणी नव्हते. गाडीवाट वळणापर्यंत रिकामी. धुरळ्यात कोंबडीच्या पायांशिवाय कसलाही पाय उमटला नव्हता. बैल मात्र दावणीला उभे राहून भिंतीकडे तोंड करून होते आणि त्यांचे कान पुढे आले होते.

तिने हाक मारली. झाडावरचा कावळा उडाला, बस.

ती तिथे घामाने निथळेपर्यंत उभी राहिली. मग परत फिरली, आली त्याच वाटेने आत आली. आणि तिने उंबरा ओलांडला तोच पुन्हा वाजले. दोन. आणि तिसरा.

आता ती धावली नाही. ती दक्षिणेच्या भिंतीपाशी गेली आणि झिजलेल्या फरशीवर बसली. तिला सगळे समजले, आणि समजले ते दार चिणलेले होते म्हणून नव्हे, तर वाट इतकी स्वच्छ होती म्हणून. जिता असता तर तो वळसा घालून आला असता. पांढरी वाट त्याच्या पायाशी होती. जो जिता नाही त्यालाच दुसरे दार ठाऊक नसते. तो आला होता. घाटातून, चुन्याच्या त्या खड्ड्यातून, भिवंडीवरून, कशेळीच्या तरीवरून, एवढे सगळे चालून तो आपल्या हाताने फोडलेल्या दारापाशी येऊन उभा राहिला होता, आणि त्याला कळत नव्हते की घरातली माणसे उघडत का नाहीत.

तिचे तोंड उघडले. घशातून नाव वर आले. तेवढ्यात सासूची चाहूल लागली. जोसेफिन येऊन तिच्याजवळ खाली बसली. एमिलियाला वाटले, आता तो हात खांद्यावर पडेल.

हात पडला नाही. जोसेफिन भिंतीकडे पाहत होती. पोराची थाप तिने ओळखली होती. डोळ्यांतून पाणी गळत होते आणि ती ते पुसत नव्हती.

"त्याला किती वेळ लागला यायला," ती म्हणाली.

एमिलियाने विचारले, माय, तुम्ही इतकी वर्षे हे कसे सोसलेत? रोज भिंतीशी पाठ लावून निजता, ते हाक मारतात, आणि ओ देत नाही.

"मारत नाय," जोसेफिन म्हणाली.

"काय?"

"मारत नाय हाक. क्लारा पोटात होती तवापासून नाय. पहिल्यांदा मना वाटलं, निजेत ऐकू आलं नसेल. मग जागी रायले. पावसात वाट पाहिली, उन्हात पाहिली. नाय आला." तिने पश्चिमेच्या खोलीकडे पाहिले. "माझ्या सासूनं सांगितलं ओ देऊ नको, मी नाय दिली. शहाणी सून. त्यानं किती वर्सं ठोकलं गो, आणि मी तोंड मिटून बसले. मग तो पण दमला. खाडीचं दार उघडलं तवा मना वाटलं, थोरली तरी असेल. दोनशे वर्सांची का असेना, असेल कोणी उभी. तिथं पण कोणी नव्हतं. जातात ती. उत्तर मिळालं नाय की जातात."

"कुठे जातात?"

"ते मना काय ठाव?"

भिंतीवर पुन्हा दोन ठोके पडले. या वेळी हळू. एमिलियाने सासूचा हात घट्ट धरला. तिसऱ्या ठोक्याची दोघी वाट बघत होत्या. तो पडला तेव्हा दोघींनी एकदम श्वास सोडला.

"ओ दिली तर क्लाराला काही होईल?" एमिलियाने विचारले.

जोसेफिनने विचार केला. पोरीकडे पाहिले, ती तोंडात अंगठा घालून चटईवर निजली होती. "ओ देऊ नको," ती म्हणाली. "नाव घेऊ नको. पण पोरीशी बोलायला कोणाची मनाई हाय?"

एमिलियाला ते कळायला वेळ लागला नाही. तिने निजलेल्या क्लाराला उचलून मांडीवर घेतले, फरशीच्या खळग्यात सरकून बसली, पाठ दगडांना लावली. दगड थंड होते. आणि ती पोरीशी बोलू लागली, जरा मोठ्याने, जसे भिंतीपलीकडच्या माणसाला ऐकू जावे.

"क्लारा, ऐकतेस ना. बैल सुखरूप आले. गुणाजीने आणले. पांढऱ्याच्या खुराला जखम होती ती भरली. खालच्या खाचरात भात बरे झाले, वरच्यात खेकड्यांनी बांध फोडला म्हणून थोडे कमी. मी कल्याणला गेले होते. तिथे पुष्कळ विचारले. तुला एक नवा दात आलाय, मागचा. आजी बरी आहे. आम्ही दार बंद केले ते रागाने नाही केले."

तिथे तिचा आवाज फुटला. ती थांबली. भिंतीत काही वाजले नाही, पण दगडांना जवळ कोणी टेकून बसले आहे असे तिला पाठीला कळत होते, जसे अंधारात शेजारी निजलेले माणूस कळते. तिने पुन्हा सुरुवात केली. नाताळात कोण आले, पिठाचे फुगे कोणी तळले, कोणाचे करपले. बोलता बोलता हसूही आले तिला.

दुसऱ्या दिवशी तिने पेटीतून काळे लुगडे काढले, नेसली, आणि मिस्सा म्हणायला सांगून आली. पाद्रीबाबांना बरे वाटले. त्यांना बाकीचे कोणी सांगितले नाही.

तेव्हापासून माध्यान्हीची घंटा झाली की ती क्लाराला घेऊन दक्षिणेच्या भिंतीपाशी बसायची. कधी ठोके पडायचे, कधी नाही. पडले की ती थांबायची, ऐकून घ्यायची, आणि पुढे बोलायची. क्लारालाही सवय झाली. ती मधेच विचारायची, हे सांगितलेस का, ते सांगितलेस का.

असेच एकदा तिचे बोलणे संपले, पोर निजली, घर शांत झाले. आणि पश्चिमेच्या खोलीतून कोणाचा तरी आवाज आला. एमिलिया दचकली. मग तिने ओळखला. तो जोसेफिनचा होता, पण इतका मऊ की तिने तो कधी ऐकला नव्हता. एमिलिया उठून दाराआड उभी राहिली.

जोसेफिन बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. मांडीवर क्लाराचे चिंध्यांचे बाहुले होते. पोर तर एमिलियापाशी होते, आणि कोणाशी तरी बोलायला हवेच होते. ती बाहुल्याला सांगत होती. नवरा गेला त्या वर्षापासून सुरुवात केली होती तिने. ज्या बैलाने मारले तो विकला. त्याच वर्षी विहिरीला खारे पाणी लागले. मार्सेलने दार फोडले, शिळा चढवताना त्याचे बोट चेंगरले, पण रडला नाही, तुमच्यावर गेला. ती काही गाळत नव्हती. एकेक पावसाळा घेऊन ती पुढे येत होती, आणि दर पावसाळ्याच्या शेवटी थांबून भिंतीला कान लावत होती.

भिंतीतून काही येत नव्हते.

"बरं," जोसेफिन बाहुल्याला म्हणाली, "मग पुढच्या वर्सी काय झालं सांगते."